पन्हाळ्याचं धुकं, लंडनचं धुकं

पन्हाळ्यावर धुकं उतरलं की कोल्हापुरातून गाड्या निघतात. तीन दरवाज्यापाशी उभं राहायचं, भाजलेलं कणीस खायचं, ओल्या कपड्यांनी घरी यायचं. धुकं म्हटलं की आपल्या मनात हे उभं राहतं. हेच मन घेऊन डिकन्सचं 'ब्लीक हाउस' उघडलं की घोटाळा होतो. पहिल्याच पानावर लंडनभर धुकं पसरलेलं असतं आणि आपण वहीत लिहून मोकळे होतो की लेखकाने निसर्गाचे रम्य वर्णन केले आहे.

ते धुकं दगडी कोळशाच्या धुरात कालवलेलं आहे. त्याच पानावर काजळीचे कण हिमाच्या पाकळ्यांएवढे मोठे होऊन खाली येतात, आणि सूर्य मेला म्हणून त्यांनी काळे कपडे घातले असावेत, असं डिकन्स लिहितो. गळीत हंगामात साखर कारखान्याची काजळी गच्चीवरच्या धुतलेल्या कपड्यांवर बसते ती आठवा. पन्हाळ्यापेक्षा ती या पानाच्या जास्त जवळ आहे. चौथ्या परिच्छेदात डिकन्स आपल्याला धुकं सर्वांत दाट असलेल्या जागी आणून सोडतो. तिथे चॅन्सरी न्यायालय आहे आणि धुक्याच्या मधोमध लॉर्ड चॅन्सेलर बसलेले आहेत. तिथे जार्नडाइस घराण्याचा वारसाहक्काचा दावा पिढ्यान्‌पिढ्या चालतो आणि शेवटी सगळी इस्टेट खर्चातच संपल्यामुळे निकाली निघतो. वाटणीच्या दाव्यात आजोबांपासून नातवापर्यंत तारखा पडलेल्या ज्या घरांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

प्रतीक ओळखताना पहिली चूक इथेच होते. आपण वस्तूचा अर्थ आपल्या अंगणातून आणतो. म्हणून कुठलीही इंग्रजी किंवा अमेरिकन कलाकृती हातात घेतली की वहीच्या वरच्या कोपऱ्यात तीन गोष्टी लिहाव्यात: गाव कोणतं, महिना कोणता, दिवस किती तासांचा. लंडन सुमारे साडेएक्कावन्न अंश उत्तरेला आहे, कोल्हापूर सतराच्याही खाली. आपल्याकडे डिसेंबरातला सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांचा भरतो. लंडनला तो आठ तासही भरत नाही. दुपारी चार वाजता मेणबत्ती पेटवणारं पात्र उदासीचं प्रतीक असेलच असं नाही, त्याला दिसत नसेल.

ऋतूंचंही असंच आहे. शेक्सपिअरच्या अठराव्या सुनीतात प्रिय व्यक्तीला उन्हाळ्याच्या दिवसाची उपमा देऊ का, असा प्रश्न आहे. एप्रिल-मे महिन्यात दुपारी बिंदू चौकातून चालत गेलेल्या माणसाला ही उपमा शिवीसारखी वाटेल. इंग्लंडचा उन्हाळा हा वर्षातला सर्वांत सौम्य आणि सर्वांत थोडका काळ. सुनीताची सगळी तक्रार तो लवकर संपतो ही आहे. हे समजलं नाही तर शेवटच्या दोन ओळींतलं, कवितेत तू टिकशील हे आश्वासन अधांतरी राहतं. शेलीचा पश्चिमवारा इटलीतल्या शरद ऋतूत वाळकी पानं उडवणारा आहे. आपला पश्चिमवारा गगनबावड्याकडून मृगाचा पाऊस आणतो. आणि पाऊस म्हणजे आपल्याला पेरणी, सुटका, आनंद. हेमिंग्वेच्या १९२९ च्या 'अ फेअरवेल टु आर्म्स'मध्ये नायिका कॅथरीन पावसाला घाबरते, कारण पावसात ती स्वतःला मेलेली पाहते. शेवटच्या पानावर नायक इस्पितळातून हॉटेलकडे पावसातच चालत जातो. आपल्या पावसाचा अर्थ तिथे लावला तर कादंबरी उलटी वाचली जाते.

तरीही नुसती हवा समजून भागत नाही. अर्थ हाती येतो तो वस्तूचा माग काढल्यावर. माग काढायची पद्धत मी 'मॅकबेथ'वर दाखवतो, कारण हे नाटक लहान आहे आणि त्यातला माग स्वच्छ दिसतो.

पहिलं वाचन हातात पेन्सिल न घेता करावं. दुसऱ्या वाचनात एकच वस्तू निवडून तिच्या प्रत्येक जागी खूण करायची. वहीत चार रकाने आखा: अंक-प्रवेश-ओळ, नेमके शब्द, कोण कुणाला बोलतं आहे, त्या क्षणी काय घडतं आहे. 'अर्थ' नावाचा पाचवा रकाना मुद्दाम आखायचा नाही. तो आखला की पहिल्याच ओळीपाशी तो भरला जातो, आणि पुढच्या सगळ्या नोंदी त्या घाईतल्या अर्थाला जुळवून घेतल्या जातात.

रक्ताच्या नोंदी अशा निघतात. पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात डंकन राजा पहिल्याच वाक्यात रक्ताने माखलेल्या माणसाकडे बोट दाखवतो. तो लढाईतून आलेला जखमी सैनिक आहे, आणि राजा म्हणतो, तुझ्या शब्दांसारख्याच तुझ्या जखमाही तुला शोभतात. इथे रक्त म्हणजे मान. दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात मॅकबेथने राजाचा खून केलेला आहे. मॅकबेथला वाटतं, समुद्राच्या पाण्यानेही हात धुतले जाणार नाहीत. त्याची बायको लेडी मॅकबेथ म्हणते, थोडं पाणी पुरे. तिसऱ्या अंकात मेजवानीनंतर मॅकबेथ रक्ताच्या नदीत अर्ध्यात उभा आहे. मागे फिरणंही पुढे जाण्याइतकंच कंटाळवाणं. आणि पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात लेडी मॅकबेथ झोपेत हात चोळते. दासी सांगते, कधी कधी पाव-पाव तास हेच चालतं. अरबस्तानातली सगळी अत्तरं आणली तरी हा लहानसा हात सुवासिक होणार नाही, असं ती म्हणते.

आता पहिली नोंद आणि शेवटची नोंद शेजारी ठेवा. रक्त तेच, रणांगणावर ते शोभत होतं, घरात त्याचा वास जात नाही. दुसऱ्या अंकात तिच्या तोंडी 'लिटल' हा शब्द पाण्यासाठी होता, पाचव्या अंकात तो हातासाठी आला. पाणी थोडं पुरेल म्हणणारीचा हात लहान आणि डाग मोठा झाला. हे जे अंतर पडलं त्यातून आशयसूत्राचं, म्हणजे थीमचं, वाक्य तयार होतं: ज्या हिंसेला राज्य बाहेर मान देतं, तीच हिंसा माणूस घरात घेऊन आला की तिला धुण्याची सोय राज्याकडे नसते. या वाक्याशी कुणी वाद घालू शकतो, म्हणून ते कामाचं आहे.

'महत्त्वाकांक्षा' ही थीम नाही. 'अमेरिकन स्वप्न' हीही नाही. हे विषय झाले. थीम लिहिताना वाक्यात क्रियापद हवं, 'कारण' किंवा 'पण' यांच्यापैकी काहीतरी हवं, आणि पुस्तकाचा शेवट त्यात मावायला हवा. शेवट मावत नसेल तर वाक्य चुकलेलं आहे. पुस्तकाला दोष देऊ नये.

शोधयंत्र वापरायला हरकत नाही. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर जुन्या अभिजात ग्रंथांची संहिता फुकट मिळते आणि एक शब्द टाकला की सगळ्या जागा दिसतात. पण यंत्र 'ब्लड' शोधून देतं. 'गोरी' (रक्ताळलेलं), 'रेड', 'इन्कार्नडाइन' (लालभडक करणं) सोडून देतं, आणि शब्दाशिवाय आलेलं रक्त, म्हणजे नुसते चोळले जाणारे हात, त्याला दिसतच नाहीत. म्हणून यंत्र दुसऱ्या वाचनानंतर, आपल्या नोंदी तपासायला.

किती वेळा आल्यावर वस्तूला प्रतीक म्हणायचं? माझा नियम तीनचा आहे, आणि तिन्ही जागी परिस्थिती बदललेली हवी. 'द ग्रेट गॅट्सबी' (१९२५) मध्ये गॅट्सबीचं जिच्यावर प्रेम आहे त्या डेझीच्या घरासमोरच्या बोटीच्या धक्क्यावरचा हिरवा दिवा पहिल्या प्रकरणाच्या शेवटी येतो. गॅट्सबी अंधारात हात पुढे करून थरथरत उभा असतो, आणि तो दिवा कुणाच्या धक्क्यावरचा आहे हे निवेदक निकला तेव्हा कळत नाही. पाचव्या प्रकरणात डेझी शेजारी उभी आहे, बाहेर धुकं असल्यामुळे दिवा दिसत नाही आणि गॅट्सबी तिला त्याबद्दल सांगतो. तिथे निक नोंदवतो की गॅट्सबीच्या भारलेल्या वस्तूंतून एक कमी झाली. शेवटच्या पानावर गॅट्सबी मेलेला आहे, आणि दिवा एका माणसाचा न राहता 'आपल्या' सगळ्यांच्या हुकत जाणाऱ्या भविष्याचा होतो. गाइडमध्ये 'हिरवा दिवा = आशा' एवढंच छापलेलं असतं. पाचव्या प्रकरणातल्या नोंदीसमोर ते समीकरण टिकत नाही: डेझी हाताशी आली त्याच क्षणी दिवा विझल्यासारखा झाला. हवी ती गोष्ट दूर असेपर्यंतच तिला तेज होतं, हे तिथे लिहिलेलं आहे.

हॉथॉर्नच्या 'द स्कार्लेट लेटर'मध्ये तर लेखकानेच हा माग उघड काढून दिला आहे. (हे पुस्तक १८५० चं, आपल्या करवीर नगर वाचन मंदिराची स्थापनाही त्याच वर्षीची.) नायिका हेस्टरच्या छातीवरचं 'ए' हे अक्षर व्यभिचाराची शिक्षा म्हणून लावलेलं. बाराव्या प्रकरणात तेच अक्षर उल्केच्या उजेडात आकाशात दिसतं. त्या व्यभिचारातला तिचा जोडीदार, धर्मगुरू डिम्सडेल, याला त्यात आपलं पाप दिसतं. गावकरी मात्र म्हणतात, आज रात्री गव्हर्नर विन्थ्रॉप देवदूत झाले, म्हणून 'एंजल'चा 'ए'. तेराव्या प्रकरणात हेस्टरच्या सेवेमुळे लोक त्याचा अर्थ 'एबल' असा लावू लागतात. कापड तेच, टाके तेच. अर्थ लावणारा गाव बदलला.

आणि प्रतीकाला एकच बरोबर अर्थ असतो का, या प्रश्नाला मेलव्हिलने 'मोबी डिक'च्या ९९ व्या प्रकरणात उत्तर दिलेलं आहे. जहाजाच्या डोलकाठीला सोन्याचं नाणं ठोकलेलं असतं आणि एकेक जण येऊन ते वाचतो. नाण्यावर तीन शिखरं आहेत. कप्तान एहॅबला त्यांवरचा मनोरा, ज्वालामुखी आणि कोंबडा या तिन्हींत एहॅबच दिसतो. धार्मिक स्टारबकला शिखरांत ईश्वराचं त्रैक्य आणि खाली काळोखी दरी दिसते. फ्लास्कला त्यात सोळा डॉलर दिसतात आणि दोन सेंटचा एक सिगार या भावाने तो ९६० सिगार मोजतो. हिशेब करून पाहा: ८०० येतात. शेवटी पोरसवदा पिप येतो आणि 'मी पाहतो, तू पाहतोस, तो पाहतो' असं व्याकरणातलं क्रियापद चालवून दाखवतो. प्रतीकांवर व्याख्यान द्यायच्या आधी हे एक प्रकरण वर्गात मोठ्याने वाचावं, इतकं ते मोलाचं आहे. यातून 'ज्याचा त्याचा अर्थ' अशी पळवाट मात्र काढू नये. प्रत्येकाचं वाचन नाण्यावर खरोखर कोरलेल्या गोष्टींपासूनच सुरू होतं. नाण्यावर नसलेलं चौथं शिखर कुणालाही दिसत नाही.

शैलीकडे वळलं की बहुतेक लेखनात विशेषणांची खैरात सुरू होते: ओघवती, प्रभावी, हृदयस्पर्शी. या तिन्ही शब्दांनी काहीही सिद्ध होत नाही. शैली मोजता येते. शंभर-सव्वाशे शब्दांचा उतारा घ्या आणि पाच गोष्टी मोजा: वाक्यं किती, सर्वांत लांब आणि सर्वांत लहान वाक्य केवढं, मुख्य क्रियापदं किती, 'अँड' किती, आणि एका अवयवाचे (एका सिलॅबलचे) शब्द किती. मग विचारा, या आकड्यांचा इथल्या प्रसंगाशी संबंध काय?

'ब्लीक हाउस'चे पहिले तीन परिच्छेद असे मोजले तर मुख्य क्रियापदं जवळपास सापडतच नाहीत. पहिलं वाक्य एका शब्दाचं: 'लंडन.' पुढे सगळी कृदंतं. धूर उतरत असलेला, कुत्री चिखलात बरबटलेली, माणसं घसरत असलेली. काहीच पूर्ण होत नाही, जसा तो दावा पूर्ण होत नाही. आपल्या हवेत वाचलं तर हे निसर्गवर्णन. मोजून वाचलं तर न्यायव्यवस्थेवरचा आरोप व्याकरणातच भरलेला दिसतो.

'मॅकबेथ'मधलीच ती समुद्राची ओळ घ्या. 'मल्टिट्यूडिनस सीज इन्कार्नडाइन' असे लॅटिन वळणाचे लांब, भरजरी शब्द आणि लगेच पुढे 'मेकिंग द ग्रीन वन रेड'. 'मेकिंग' सोडलं तर सगळे एकेका अवयवाचे शब्द. राजदरबारात बोलणारा माणूस एका ओळीत साध्या भाषेवर आदळतो. झोपेतल्या प्रवेशात लेडी मॅकबेथ पद्य सोडून गद्यात बोलते हाही असाच पुरावा. नाटकभर वृत्तावर पकड असलेली बाई तिथे वृत्तातून निसटते.

जेन ऑस्टिनचं 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) तेवीस शब्दांच्या वाक्याने सुरू होतं. भरपूर पैसा असलेल्या अविवाहित पुरुषाला बायको हवीच असणार, हे सर्वमान्य सत्य आहे, असं ते वाक्य सांगतं. 'हे जेन ऑस्टिनचे मत आहे' असं लिहिणं ही या पुस्तकावरच्या लेखनातली सर्वांत नेहमीची चूक. पुढचंच वाक्य वाचा: त्या पुरुषाच्या मनात काय आहे याची कुणाला फिकीर नाही, आजूबाजूची कुटुंबं त्याला आपल्या एखाद्या मुलीची हक्काची मालमत्ता समजून बसली आहेत. गावात 'चांगलं स्थळ' आलं की गल्लीत जे बोललं जातं, तो हा सूर. निवेदक गल्लीच्या आवाजात बोलते आणि तो आवाज तिचा नसतो. हे ओळखायची खूण सोपी आहे: वाक्य कथेतल्या कुठल्या पात्राच्या तोंडी शोभलं असतं ते पाहा. इथे मुलींची लग्नं जमवायला निघालेल्या मिसेस बेनेटच्या. हे दोन आवाज वेगळे काढता आले नाहीत तर ऑस्टिनची निम्मी वाक्यं उलट्या अर्थाने वाचली जातात.

हेमिंग्वेची 'हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स' (१९२७) मोजायला बसलं की उलटंच दिसतं. जवळजवळ सगळे संवाद, विशेषणं मोजकी. स्पेनमधलं एक स्टेशन; बार्सिलोनाची गाडी चाळीस मिनिटांनी येणार, दोन मिनिटं थांबणार. पुरुष मुलीला एका 'साध्या' शस्त्रक्रियेसाठी राजी करतो आहे, आणि ती कसली हे कथेत एकदाही सांगितलेलं नाही. तो 'सिम्पल' आणि 'परफेक्टली' पुन्हा पुन्हा म्हणतो. ज्या गोष्टीला इतक्यांदा साधी म्हणावं लागतं ती साधी नाही. शेवटी मुलगी त्याला बोलणं थांबवायला सांगते आणि त्या वाक्यात 'प्लीज' सलग सात वेळा येतो. स्टेशनच्या एका बाजूला कोरडी, तपकिरी जमीन आणि दुसऱ्या बाजूला धान्याची शेतं आणि झाडं. हिमनगाचा एक अष्टमांश भाग पाण्यावर असतो हे हेमिंग्वेचं प्रसिद्ध विधान सगळे उद्धृत करतात. ते दाखवायचं असेल तर उरलेले सात भाग कुठल्या शब्दाखाली आहेत ते बोट ठेवून सांगावं.

बोलीच्या बाबतीत कोल्हापूरच्या वाचकाचा कान तयार असतो, आणि तो वापरला जात नाही याचं मला वाईट वाटतं. मार्क ट्वेनने 'हकलबेरी फिन'च्या सुरुवातीला टीप देऊन सांगितलं आहे की यात अनेक बोली मुद्दाम, काळजीपूर्वक वापरल्या आहेत. आपल्याकडे कागल, गडहिंग्लज, शाहूवाडी इथल्या बोलण्यातला फरक दोन वाक्यांत ओळखणारी माणसं आहेत. हकचं व्याकरण 'अशुद्ध' म्हणून सोडून देऊ नका. एकतिसाव्या प्रकरणात तो पळालेल्या गुलाम जिमला वाचवण्यासाठी नरकात जायची तयारी करतो तेव्हा 'नरक' हा शब्द त्याला शुद्ध बोलणाऱ्या लोकांनीच शिकवलेला असतो. शुद्ध भाषा गुलामीच्या बाजूला आणि गावंढळ भाषा माणुसकीच्या बाजूला, ही त्या कादंबरीची मांडणी आहे.

फ्रॉस्टची 'द रोड नॉट टेकन' शाळेपासून आपल्या भिंतींवर लावलेली असते: वेगळी वाट निवडा, यशस्वी व्हा. कविता वीस ओळींची आहे. दुसऱ्या कडव्यात तो म्हणतो की रहदारीने दोन्ही वाटा जवळपास सारख्याच झिजल्या होत्या. तिसऱ्यात म्हणतो, त्या सकाळी दोन्ही सारख्याच पानांनी झाकलेल्या होत्या. शेवटचं कडवं भविष्यकाळात आहे: पुढे कधीतरी मी उसासा टाकून असं सांगेन. शीर्षक न घेतलेल्या वाटेचं आहे. शेवटच्या तीन ओळी सुट्या काढल्या की उपदेश तयार होतो. वीस ओळी वाचल्या की माणूस आपल्या निवडीची गोष्ट नंतर कशी रचतो हे दिसतं.

प्रत कोणती हाताशी आहे तेही तपासा. एमिली डिकिन्सनच्या कविता १८९० मध्ये प्रथम पुस्तकरूपाने आल्या तेव्हा संपादकांनी तिच्या आडव्या रेघा काढल्या, शीर्षकं घातली, आणि मृत्यू गाडी घेऊन येतो त्या कवितेचं एक पूर्ण कडवंच गाळलं. त्याच कडव्यात पातळ कपड्यांतल्या बाईला थंडी वाजते. ते नसेल तर कविता रम्य सहल वाटते. टॉमस जॉन्सन यांच्या १९५५ च्या आवृत्तीत कविता हस्तलिखितांनुसार आल्या, पण इंटरनेटवर फुकट मिळणारा पाठ पुष्कळदा जुनाच असतो. 'फ्रँकेन्स्टाइन'चे १८१८ आणि १८३१ असे दोन पाठ आहेत. पहिल्यात एलिझाबेथ नायकाची आतेबहीण, दुसऱ्यात सांभाळायला आणलेली अनाथ मुलगी. उतारा देताना साल लिहिलं नाही तर तुमचा आणि परीक्षकाचा पाठ वेगळा निघू शकतो.

शैली कळायला सर्वांत चांगलं हत्यार आपल्याकडे मराठीच आहे. दहा ओळी स्वतः मराठीत करून पाहा. जिथे पेन अडेल तिथे शैली आहे. हेमिंग्वेचे 'अँड' मराठीत आणताना आपला हात आपोआप 'जाऊन, बसून, घेऊन' लिहायला जातो आणि त्याच्या वाक्याची समपातळी मोडते. मग 'द ओल्ड मॅन अँड द सी'चा एक उतारा आणि पु. ल. देशपांडे यांचं 'एका कोळियाने' शेजारी ठेवून पाहावं.

शेक्सपिअरसाठी तर 'तू' आणि 'तुम्ही' पुरेसे आहेत. आगरकरांनी 'हॅम्लेट'चा मराठी अवतार 'विकारविलसित' या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या आदल्या वर्षी कोल्हापूर प्रकरणातल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळकांबरोबर ते डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. 'हॅम्लेट'च्या तिसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात आई मुलाला 'दाऊ' म्हणते, म्हणजे तू: तू तुझ्या बापाला दुखावलं आहेस. मुलगा उत्तरात 'यू' म्हणतो: आई, तुम्ही माझ्या बापाला दुखावलं आहे. पुढच्याच वाक्यात आईही 'यू'वर येते. आजच्या इंग्रज वाचकाला हे कळायला तळटीप लागते. ज्याच्या घरात भांडण झाल्यावर आई मुलाला 'तुम्ही' म्हणते त्याला लागत नाही. फक्त सोपी करून छापलेली प्रत टाळा, कारण तिच्यात सगळे 'दाऊ' बदलून 'यू' केलेले असतात.